कुटुंब पात्र, पत्ता अपात्र : क्लीव्हलँडमधल्या इंटरनेट दरीचं प्रकरण

एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने 2015 मध्ये डायरेक्टटीव्ही विकत घेतली. त्या व्यवहाराला मंजुरी देताना अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, गरीब कुटुंबांना स्वस्त इंटरनेट देण्याची अट घातली. त्यातून एप्रिल 2016 मध्ये 'ॲक्सेस' ही योजना आली. 'स्नॅप' हे सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या घरांना 5 किंवा 10 एमबीपीएस वेगाची जोडणी महिना 10 डॉलरला आणि 3 एमबीपीएसची 5 डॉलरला मिळणार होती. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात स्वयंसेवी संस्थांनी लोकांची नावं नोंदवायला सुरुवात केली, तर अर्ज परत येऊ लागले. कागदपत्रं बरोबर होती, उत्पन्नाची अट पुरी होत होती. अडचण पत्त्याची होती. त्या घरापर्यंत गेलेली कंपनीची तार 3 एमबीपीएसही देऊ शकत नव्हती आणि योजनेची सगळ्यात खालची पायरी 3 ची होती. रेशनकार्ड हातात आहे आणि त्या गल्लीला दुकानच नेमून दिलेलं नाही, असा हा प्रकार.

बोभाटा झाल्यावर सप्टेंबर 2016 मध्ये कंपनीने नियम सैल केला. 3 पेक्षा कमी वेग मिळणाऱ्या घरांनाही, मिळेल तो वेग 5 डॉलरला, असं ठरलं. तक्रार तात्पुरती मिटली, पण त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. एका मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत, टेलिफोन एक्स्चेंजपासून काही किलोमीटरवर, 2016 साली 1.5 एमबीपीएसची तार असते कशी? आणि अशी घरं नकाशावर टिंबांनी दाखवली तर ती नेमकी गरीब वस्त्यांतच का गोळा होतात?

शहर आणि त्याचा जुना नकाशा

1950 मध्ये क्लीव्हलँडची लोकसंख्या 9,14,808 होती, 2020 च्या जनगणनेत ती 3,72,624 भरली. शहरातले जवळपास निम्मे लोक कृष्णवर्णीय आहेत. कायाहोगा नदी शहराचे दोन भाग करते आणि पूर्वेकडचे हफ, ग्लेनव्हिल, फेअरफॅक्स, सेंट्रल, किन्समन हे भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीचे आहेत. दक्षिणेतल्या राज्यांतून पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत काम शोधत आलेली कुटुंबं तिथे स्थिरावली. पश्चिमेला क्लार्क-फुल्टनमध्ये पोर्टो रिकोहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे.

1933 मध्ये स्थापन झालेल्या 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' या सरकारी संस्थेने 1930 च्या दशकात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग कर्जासाठी उत्तम आणि लाल भाग धोक्याचा, अशी ती प्रतवारी होती. लाल रंगासाठी कृष्णवर्णीय रहिवासी असणं हे एक उघड लिहिलेलं कारण होतं. तिथे घरकर्जं मिळेनात, डागडुजी थांबली, घरांच्या किमती पडल्या. घरविक्रीतला भेदभाव 1968 च्या कायद्याने बेकायदा ठरला, पण तोवर तीस वर्षांचं नुकसान होऊन गेलं होतं. इंटरनेटच्या प्रकरणात हा इतिहास सांगावा लागतो, कारण पुढे कंपन्या कुठल्या भागात नवी तार टाकायची ते ठरवताना 'या भागातून वसुली किती होईल' हा हिशेब मांडतात. त्या हिशेबात वंश हा शब्द कुठेच नसतो. उत्पन्न असतं, घराची किंमत असते, वर्गणीदार किती मिळतील याचा अंदाज असतो, आणि हे तिन्ही आकडे त्या जुन्या लाल रंगातून आलेले असतात.

तारेचं गणित

वेग कमी का, हे तारेपासूनच समजून घ्यायला हवं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या जुन्या एडीएसएल पद्धतीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत टेलिफोनची तांब्याची जोडतारच असते. तांब्यात अंतराबरोबर सिग्नल क्षीण होतो आणि वरच्या वारंवारता आधी मरतात. एडीएसएल2+ ही सुधारित पद्धत एक्स्चेंजजवळ 24 एमबीपीएसपर्यंत जाते. चार किलोमीटरवर तीच तीन-चारवर येते, पाचाच्या पुढे दीड मिळाला तरी नशीब. हे तार धडधाकट असतानाचे आकडे. सांध्यात पाणी शिरलेलं असेल, घरातलं वायरिंग जुनं असेल, तर जोडणी दिवसातून अनेकदा तुटते आणि मोडेम स्वतःहून आणखी खालच्या वेगावर जाऊन बसतो.

यावरचा उपाय कंपनीकडे होता आणि तिने तो वापरलाही होता. एक्स्चेंजपासून मोहल्ल्यापर्यंत फायबर न्यायची, रस्त्याकडेला लोखंडी कॅबिनेट बसवायचं आणि तिथून शेवटचं किलोमीटरभर जुन्याच तांब्यावर व्हीडीएसएल ही जास्त वेगाची पद्धत चालवायची. अंतर पाचावरून एकावर आलं की त्याच तारेवर 18 पासून 75 एमबीपीएसपर्यंतचे वेग विकता येतात. तांबं तेच राहतं. फरक पडतो तो एका कॅबिनेटने, त्याच्या वीजजोडणीने आणि तिथवर नेलेल्या फायबरने. म्हणून क्लीव्हलँडमधल्या दरीचा नकाशा प्रत्यक्षात कॅबिनेटचा नकाशा आहे. ज्या मोहल्ल्यात कॅबिनेट उभं राहिलं तो वर आला, ज्यात नाही तो 2000 च्या सुमाराच्या वेगावर थांबला.

कॅबिनेट कुठे बसवायचं यावर शहराची पकड का नव्हती? त्याचं उत्तर 2007 मध्ये आहे. त्याआधी केबल टीव्हीची सेवा द्यायची तर कंपनीला शहराकडून परवाना घ्यावा लागे आणि 'सगळ्या वस्त्यांत सेवा द्या' अशी अट शहर घालू शके. ओहायोच्या विधिमंडळाने 2007 मध्ये सिनेट बिल 117 मंजूर करून परवान्याचा अधिकार राज्याकडे नेला. नव्या व्हीडीएसएल जाळ्यावरून कंपनी टीव्हीही विकणार होती, तेव्हा हाच परवाना महापालिकेच्या हातातलं मुख्य हत्यार होतं. ते नेमकं जाळं पसरण्याच्या वर्षांत गेलं. या प्रकरणातला आम्हाला सगळ्यात निर्णायक वाटणारा क्षण हाच आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

पुरावा कसा उभा केला

मार्च 2017 मध्ये 'नॅशनल डिजिटल इन्क्लुजन अलायन्स' आणि क्लीव्हलँडची 'कनेक्ट युअर कम्युनिटी' या संस्थांनी अहवाल प्रसिद्ध केला. कंपनीने जून 2016 पर्यंतची म्हणून एफसीसीला स्वतःच दिलेली माहिती त्यांनी वापरली होती. निष्कर्ष असा : ज्या भागांत गरिबीचं प्रमाण 35 टक्क्यांहून जास्त आहे, तिथल्या बहुतेक ब्लॉकांत (ब्लॉक म्हणजे जनगणनेचा सगळ्यात लहान तुकडा) व्हीडीएसएल पोहोचलेलं नाही. तिथे एक्स्चेंजवरून येणारं जुनं एडीएसएलच आहे आणि त्याचा वेग अनेकदा 3 एमबीपीएस किंवा त्याहून कमी आहे. उपनगरांत मात्र नवी सेवा सर्रास होती. कंपनीने भेदभावाचा आरोप फेटाळला.

ही पद्धत दुसऱ्या शहरातही जशीच्या तशी करता येते. कंपन्या आपल्या सेवेची माहिती एफसीसीला ज्यात देत, त्या 'फॉर्म 477' ची जुनी माहिती उतरवून घ्यायची. कंपनी आणि काउंटी यांवर गाळणी लावायची, कायाहोगा काउंटीचा संकेतांक 39035. तंत्रज्ञानाच्या रकान्यात 10 म्हणजे साधं एडीएसएल, 11 म्हणजे एडीएसएल2, 12 म्हणजे व्हीडीएसएल, 50 म्हणजे घरापर्यंत फायबर. प्रत्येक ओळीला पंधरा अंकी ब्लॉक क्रमांक असतो. त्याचे पहिले अकरा अंक म्हणजे जनगणनेचा ट्रॅक्ट, म्हणजे अनेक ब्लॉक मिळून झालेला मोठा भाग. गरिबीची आकडेवारी ब्लॉकवार मिळत नाही, म्हणून 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या जनगणना विभागाच्या दरवर्षीच्या सर्वेक्षणाच्या पाच वर्षांच्या सरासरीतून ट्रॅक्टवार आकडे घ्यायचे आणि त्या अकरा अंकांवर दोन्ही तक्ते जोडायचे. मग ब्लॉकमधला सर्वाधिक वेग आणि ट्रॅक्टची गरिबी हे दोन्ही एकाच नकाशावर रंगवायचे.

चुका इथे होतात. फॉर्म 477 मध्ये ब्लॉकमधल्या एका घराला सेवा देता येत असली तरी संपूर्ण ब्लॉक 'सेवा आहे' असा धरला जाई. शिवाय वेग जाहिरातीतला असतो, मोजलेला नसतो. दोन्ही त्रुटी कंपनीच्या बाजूने झुकतात, म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती नकाशापेक्षा वाईट असू शकते, चांगली नाही. त्यामुळे नमुन्यादाखल काही पत्ते कंपनीच्या विक्रीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावेत आणि रस्त्याकडेच्या कॅबिनेटसाठी महापालिकेने दिलेले परवाने ताडून घ्यावेत. दुसरी गोष्ट अशी, की हा ताळा गरिबीशी घातलेला होता, वंशाशी नव्हे. क्लीव्हलँडमध्ये गरिबी आणि वंश यांचे नकाशे इतके एकमेकांवर बसतात, की वाचणारा दोन्ही एकच समजून चालतो. कायद्यापुढे मात्र ते वेगळे आहेत आणि वंशभेदाचा दावा करायचा तर ट्रॅक्टमधल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण घेऊन, उत्पन्न स्थिर धरून, वेगळी मांडणी करावी लागते.

बिल सारखंच

वेग कमी म्हणून दर कमी, असा समज असतो. तो चुकीचा निघाला. नॅशनल डिजिटल इन्क्लुजन अलायन्सने 2018 मध्ये दाखवून दिलं, की वेगांच्या पायऱ्या मोडून सगळ्यांना एकच दर लावण्याची पद्धत एटी अँड टी आणि व्हेरायझन यांनी आणली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने 38 शहरांतले आठ लाखांहून अधिक दरप्रस्ताव गोळा करून तपासले. त्यात एटी अँड टी, व्हेरायझन, सेंच्युरीलिंक आणि अर्थलिंक या चारही कंपन्या एकाच किमतीत वेगवेगळे वेग देताना दिसल्या. एटी अँड टीचा तो दर महिना 55 डॉलर होता. सगळ्यात रद्दी प्रस्ताव कमी उत्पन्नाच्या, गौरेतर आणि पूर्वी लाल रंगवलेल्या वस्त्यांच्या वाट्याला जास्त येत होते. प्रति एमबीपीएस हिशेब केला तर गरीब घर श्रीमंत घराच्या कित्येक पट पैसे मोजत होतं.

तक्रार आणि सरकलेली जमीन

ऑगस्ट 2017 मध्ये क्लीव्हलँडच्या तीन कृष्णवर्णीय रहिवाशांनी वकील डॅरिल पार्क्स यांच्यामार्फत एफसीसीकडे औपचारिक तक्रार केली. आधार होता दूरसंचार कायद्यातल्या अन्याय्य भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमाचा. ते कलम ब्रॉडबँडला लागू होत होतं, कारण 2015 च्या आदेशाने ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा मानलं होतं. डिसेंबर 2017 मध्ये एफसीसीने तो आदेशच मागे घेतला. ज्या कलमावर तक्रार उभी होती, त्याखालची जमीन चार महिन्यांत सरकली.

नोव्हेंबर 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात 'डिजिटल भेदभाव' रोखण्याचं स्वतंत्र कलम आलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये एफसीसीने त्याचे नियम केले. हेतू सिद्ध न होताही परिणाम भेदभावाचा असेल तर चौकशी होऊ शकते, असं त्यात म्हटलं. क्लीव्हलँडसारख्या प्रकरणात सगळी मेख हीच आहे. 'कृष्णवर्णीयांना देऊ नका' असं कुणी कागदावर लिहीत नाही. तसा कागद मागत बसलं तर तक्रार कधीच उभी राहणार नाही. आर्थिक किंवा तांत्रिक अडचण दाखवण्याची मुभा कंपन्यांना आहेच, त्यामुळे वाद शेवटी 'या मोहल्ल्यात कॅबिनेट परवडलं असतं का' या आकडेमोडीवर येतो आणि ते आकडे कंपनीच्या ताब्यात असतात.

अनुदान आलं, अर्जात अडकलं

महामारीत शाळा घरात आली तेव्हा ही दरी झाकता येईना. क्लीव्हलँडमध्ये तर 2019 च्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेनुसार जवळपास 31 टक्के घरांत कुठल्याच प्रकारची ब्रॉडबँड वर्गणी नव्हती, मोबाईल डेटा धरूनसुद्धा. एक लाखाहून अधिक घरं असलेल्या अमेरिकी शहरांत हा सगळ्यात वाईट आकडा होता. मे 2021 मध्ये केंद्र सरकारने महिना 50 डॉलरचं तातडीचं अनुदान सुरू केलं. वर्षअखेरीस त्याच्या जागी 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम' आला : महिना 30 डॉलर, आदिवासी भूमीवर 75, एकूण तरतूद 1,420 कोटी डॉलर.

यात अडकायच्या जागा ठरलेल्या होत्या. आधी राष्ट्रीय पडताळणी संकेतस्थळावर पात्रता सिद्ध करायची, मग कंपनीकडे वेगळा अर्ज. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठीचा मुख्य रस्ता ऑनलाइनच. अन्नसाहाय्याच्या नोंदीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव यांत एका आद्याक्षराचा फरक असला तरी यंत्रणा आपोआप जुळवणी करत नसे, मग कागद चढवायचे आणि थांबायचं. क्लीव्हलँडमध्ये वरखाली दोन बिऱ्हाडं असलेली लाकडी घरं भरपूर आहेत. दोघांचा पत्ता एकच लागला की दुसरा अर्ज 'या घराला लाभ मिळालेला आहे' म्हणून अडे आणि स्वतंत्र चूल असल्याचा वेगळा फॉर्म भरावा लागे. जुनी थकबाकी असली तर कंपनीच्या दारातच अडचण. या सगळ्यातून पार पडायला शेजारी बसून फॉर्म भरून देणारं माणूस लागतं. तिकडे त्याला 'डिजिटल नॅव्हिगेटर' म्हणतात. ग्रंथालयात किंवा वस्ती केंद्रात असं माणूस पगारावर ठेवलं, तर अर्ज पार पडतात. नुसती पत्रकं वाटून ते होत नाही.

देशभरात 2.3 कोटींहून अधिक घरं या योजनेत आली. फेब्रुवारी 2024 मध्ये नवी नोंदणी बंद झाली, एप्रिल हा पूर्ण अनुदानाचा शेवटचा महिना ठरला आणि 1 जूनला योजना संपली. संसदेने पुढचे पैसे दिले नाहीत. अनुदान घराच्या नावे आलं आणि घराच्या नावेच गेलं. मोहल्ल्यातली तार होती तिथेच राहिली.

मोबाईल आहे ना?

आपल्याकडच्या स्वस्त डेटाची सवय असलेल्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. अमेरिकेत गरीब घरांचं इंटरनेट बहुतेकदा फोनवरच चालतं आणि सर्वेक्षणात ते 'वर्गणी आहे' असं मोजलं जातं. पण फोनवरून बेकारभत्त्याचा बारा पानी अर्ज भरणं, 'पीडीएफ'वर सही करून परत पाठवणं, दोन मुलांचे व्हिडिओ तास एकाच वेळी चालवणं, हे जमत नाही. हॉटस्पॉटचा डेटा ठरावीक मर्यादेनंतर मंदावतो. टॉवरवर गर्दी झाली की स्वस्त योजनांचे ग्राहक रांगेत मागे ढकलले जातात. म्हणून आकडे वाचताना अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा तक्ता बी28002 उघडावा. त्यात 'केबल, फायबर किंवा डीएसएल' आणि 'फक्त मोबाईल डेटा' असे वेगळे रकाने आहेत. पहिल्या रकान्यावर नजर ठेवली की दरी खऱ्या रुंदीची दिसते.

शहराने काय केलं

कंपनी तार बदलेपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवल्यावर तीन पर्याय उरत होते. महापालिकेने स्वतः फायबर टाकणं महाग आणि वेळखाऊ. केबल कंपनीचं बिल शहराने भरणं म्हणजे पैसे संपले की पुन्हा शून्यावर. तिसरा पर्याय घरापर्यंतचं शेवटचं अंतर रेडिओलहरींनी पार करण्याचा. 2023 मध्ये महापौर जस्टिन बिब यांच्या काळात शहराने महामारी मदतनिधीतून 2 कोटी डॉलर 'डिजिटलसी' या स्थानिक ना-नफा संस्थेला द्यायचं ठरवलं. करारात जाळं 18 महिन्यांत शहरभर उभारायचं, चार वर्षांत 23,500 घरं जोडायची आणि 50,000 रहिवाशांना डिजिटल प्रशिक्षण द्यायचं, अशी उद्दिष्टं घातली. दर महिना 18 डॉलर, वेग 100 एमबीपीएस. जाळं, दर आणि माणसांचं शिक्षण एकाच करारात आलं, हे या निर्णयाचं बळ.

अशी जोडणी बसवताना अडचणी छतावर येतात. उंच इमारतींवर रेडिओ बसवतात आणि घराबाहेर छोटा रिसीव्हर लावतात. दोन्हींच्या मध्ये पानगळीची मोठी झाडं असतील तर हिवाळ्यात घेतलेलं मोजमाप जूनमध्ये खोटं ठरतं, म्हणून तपासणी झाडं पानांनी भरलेली असताना करावी. निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, त्यामुळे भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाचा होकार लागतो. एफसीसीचा एक नियम इथे उपयोगी पडतो. एक मीटरपर्यंतचा अँटेना भाडेकरूला स्वतःच्या ताब्यातल्या गॅलरीत किंवा अंगणात लावता येतो आणि मालक अडवू शकत नाही. सामाईक छत किंवा बाहेरची भिंत मात्र त्यात येत नाही. आत राऊटर कुठे ठेवला यावरही बरंच ठरतं. जुन्या घरांत भिंतींना धातूच्या जाळीवर प्लास्टर केलेलं असलं की ती जाळी वायफाय अडवते, बाहेरून 100 एमबीपीएस येऊनही मागच्या खोलीत दहा मिळतात, आणि रहिवासी सेवा वाईट म्हणून बंद करून टाकतो.

केंद्राच्या 4,245 कोटी डॉलरच्या 'बीड' या ब्रॉडबँड विस्तार निधीतून क्लीव्हलँडला फारसं काही मिळण्यासारखं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. तो निधी पत्त्यावर 25/3 किंवा 100/20 एमबीपीएसची (पहिला आकडा उतरवण्याचा वेग, दुसरा चढवण्याचा) सेवा 'उपलब्ध' नसेल तर मिळतो. क्लीव्हलँडच्या बहुतेक गल्ल्यांतून केबल कंपनीची तार गेलेली आहे. त्यामुळे परवडत नसलं तरी कागदावर पत्ता 'सेवा असलेला'. खेड्यातली न पोहोचलेली तार या व्याख्येत बसते, शहरातलं न परवडणारं बिल बसत नाही. शहरातल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांची अडचण मुख्यतः दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून एवढ्या मोठ्या रकमेतून ती वगळली गेली.

पुढचं मोजमाप कसं करावं याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. किती घरं जोडली हा आकडा पुरेसा नाही. जोडल्यावर बारा महिन्यांनी किती घरांची जोडणी चालू आहे, हे ट्रॅक्टवार जाहीर व्हावं. बंद झालेल्यांत बिल न भरल्याने किती, घर बदलल्याने किती आणि सिग्नल नीट नसल्याने किती, असे तीन वेगळे रकाने हवेत, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या एका वर्षाच्या आकडेवारीवर ट्रॅक्टचे निष्कर्ष काढू नयेत. ती फक्त 65,000 हून मोठ्या लोकवस्तीसाठी प्रसिद्ध होते. हफ किंवा किन्समनचं उत्तर पाच वर्षांच्या सरासरीतच मिळेल आणि 2023 च्या कराराचा परिणाम त्यात पूर्णपणे उतरायला 2024 ते 2028 ची आकडेवारी हाती यावी लागेल.